नेट बंद केलं, पण अफवा थांबली का?

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक माझ्या घरी होती. हप्ते गोळा झाले, नोंदवहीत सह्या झाल्या, चहा झाला आणि मग नेहमीप्रमाणे गप्पा सुरू झाल्या. विषय निघाला मोबाइलचा. कुणाचा मुलगा जेवतानासुद्धा मोबाइल सोडत नाही, कुणाची सून रात्री बारापर्यंत रील बघत बसते, कुणाच्या नवऱ्याने ऑनलाइन खेळात कापसाचे पैसे घालवले. प्रत्येकीकडे सांगण्यासारखं काही ना काही होतंच. तेवढ्यात आमच्यातली सर्वांत मोठी, साठी ओलांडलेली आजी म्हणाली, "ताई, सरकारनं हे नेट एकदाचं बंदच करून टाकलं तं बरं होईन की व! पोट्टे अभ्यासाले तरी बसतीन."

सगळ्या हसल्या. मीही हसले. आईच्या मनातलंच ती बोलली होती. पण हसता हसता मला माझ्या भाचीचा एक फोन आठवला. मी तो किस्सा बैठकीत सांगितला आणि मग जी चर्चा रंगली ती तासभर चालली. ती तुमच्यापर्यंतही पोचवावी असं वाटलं, म्हणून हा लेख.

गोष्ट नोव्हेंबर २०२१ ची. माझी भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला अमरावतीला खोली करून राहत होती. दिवाळी करून परत गेली त्याला आठवडासुद्धा झाला नव्हता. १२ नोव्हेंबरला त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधाचा मोर्चा अमरावतीत निघाला, दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी त्याच्या निषेधार्थ बंद पुकारला गेला आणि पुन्हा तोडफोड, जाळपोळ. शहरात संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद करण्यात आलं. एसटीचा संपही तेव्हा सुरूच होता. म्हणजे पोरीला घेऊन यायचं म्हटलं तरी सोय नाही.

नशीब, साधा फोन लागत होता. मी विचारलं, "पैसे आहेत का गं जवळ?" तर म्हणाली, "मावशी, सत्तर रुपये आहेत. बाकी सगळे मोबाइलमध्ये आहेत." आजकालच्या मुलांचं पाकीट म्हणजे मोबाइलच. नेट गेलं की पाकीट रिकामं. खानावळ बंद, एटीएमपर्यंत जाता येत नाही, ऑनलाइन तासही बंद. शेवटी घरमालकीण काकूंनी चार दिवस तिला आपल्या ताटात जेवू घातलं. त्या माउलीचे उपकार आम्ही विसरणार नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. अमरावतीत नेट बंद होतं, आमच्या गावात मात्र सुरू होतं. आणि आमच्या मोबाइलवर त्या दोन दिवसांत काय काय आलं म्हणून सांगू! जळत्या दुकानाचा एक फोटो मला चार वेगवेगळ्या गटांवरून आला. खाली लिहिलेलं, अमुक भागात आत्ता हे चाललंय. तो भाग नेमका भाचीच्या खोलीचा! माझ्या तर पोटात गोळाच आला. लगेच फोन लावला. ती गॅलरीत जाऊन बघून म्हणाली, "मावशी, आमच्या गल्लीत काहीच नाही गं. सगळं शांत आहे. पोलिसांची गाडी उभी आहे फक्त."

मी त्या चारही गटांवर लिहिलं की हे खोटं आहे, माझी भाची तिथेच आहे. दोन गटांनी ऐकलं. दोन गटांत मलाच सुनावलं गेलं, "तुम्हाला काय माहीत, तुम्ही तर इथे बसलेल्या!" आता बघा, तो फोटो खोटा आहे हे सांगू शकणारी माणसं कोण? त्या गल्लीत राहणारी. आणि नेमकं त्यांचंच नेट बंद. खोटं पसरवणाऱ्यांचं चालू आणि खरं सांगू शकणाऱ्यांचं बंद! अफवा थांबावी म्हणून जो उपाय केला, त्याने अफवेचा खुलासा करणाऱ्यांचं तोंड बंद झालं. आमच्या पुरती अफवा काही थांबली नाही.

हे सांगितल्यावर आमच्या बैठकीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग आमच्यातली एक अंगणवाडी सेविका म्हणाली, "ताई, नेट गेलं तर माझी तर नोकरीच अडकते." खरंच आहे. २०२१ पासून पोषण ट्रॅकर आलं, बालकांची वजनं, हजेरी सगळं मोबाइलवर भरायचं. २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरची हजेरीसुद्धा फोटो काढून मोबाइलवर भरायची पद्धत सक्तीची झाली. लाडक्या बहिणीची ई-केवायसी, शिष्यवृत्तीचा अर्ज, गॅसचं बुकिंग, पीक विम्याची तक्रार... सगळं नेटवर. सरकारनेच आपल्याला बोट धरून या रस्त्यावर आणलं. आता तो रस्ता एका आदेशाने बंद झाला, तर रोजमजुरी करणाऱ्या बाईने जायचं कुठे? मोठ्या माणसाकडे रोकड असते, ओळखी असतात. जिच्याकडे यातलं काही नाही, तिचंच काम आधी अडतं. आणि तिची तक्रार कुठेही नोंदली जात नाही.

हे काही अमरावतीपुरतं नाही. मे २०२३ मध्ये अकोल्यात, जून २०२३ मध्ये कोल्हापुरात, त्याच वर्षी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जालना आणि बीड भागात नेट बंद झालं. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून सुरुवातीला सगळंच आणि नंतर वेगवान इंटरनेट बंद होतं. ते पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. म्हणजे दीड वर्ष! मणिपुरात २०२३ मध्ये महिनोन्महिने बंद. 'ॲक्सेस नाऊ' नावाची एक आंतरराष्ट्रीय संस्था जगभरातल्या अशा घटना मोजते. त्यांच्या मोजणीनुसार २०१८ ते २०२३ अशी सलग सहा वर्षं नेट बंद करण्यात आपला देश जगात पहिला होता. २०२४ मध्ये म्यानमार ८५ घटनांसह पहिला आला आणि आपण ८४ घटनांसह दुसरे. म्यानमारमध्ये लष्कराचं राज्य आहे. आपल्याकडे तर आपण बोटाला शाई लावून सरकार निवडतो. त्यांच्या पंक्तीत आपलं पान कशाला?

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. अफवेने माणसं मरतात, हे खोटं नाही. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याची घटना आठवते ना? १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप कितीतरी दिवस मोबाइलवर फिरत होते. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला तिथे आले होते. जमावाने त्यांना संशयावरून धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. पाच घरं उघडी पडली. ज्या बायका तेव्हा विधवा झाल्या, त्यांच्यासमोर उभं राहून "नेटवर सगळं मोकळं असू द्या" असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

म्हणून प्रशासनावर काय वेळ येते ते मी समजू शकते. समोर शहर पेटलंय, हाताशी पोलीस कमी आहेत, अशा वेळी अधिकाऱ्याला जे बटण सापडेल ते तो दाबतो. पण राईनपाड्याचाच विचार करून बघा. तिथे संशयाचं विष मोबाइलने आधीच पेरलेलं होतं, हे खरं. त्या दिवशी मात्र जमाव जमला तो बाजारात, तोंडातोंडी. त्या तासाला कुणी नेट बंद केलं असतं तर ते पाच जीव वाचले असते का? वाचले असते ते आधीच्या दिवसांत कुणी गावोगाव फिरून, दवंडी देऊन, शाळेत, बाजारात, त्याच मोबाइलवर ठणकावून सांगितलं असतं की अशी टोळीबिळी काही नाही, तर. अफवेला उतारा खऱ्या बातमीचा. आणि तो उतारा नेमका त्याच रस्त्याने जातो, जो आपण बंद करतो.

इंटरनेट बंद करणं हा बंदीचा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार म्हणजे लिहिणाऱ्यालाच धरणं. त्याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं, पालघरचं. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी मुंबईत सगळं बंद होतं. पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर लिहिलं की हा बंद कशासाठी? तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला फक्त 'लाइक' केलं. बस्स! दोघींना अटक झाली. मुलीने मजकूर काढून टाकला होता, माफीही मागितली होती, तरीही. तिच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली ती वेगळीच. अटकेसाठी जे कलम वापरलं ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ. त्याखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. गुन्हा काय, तर कुणाला चीड येईल, कुणाची गैरसोय होईल असा मजकूर पाठवणं. आता मला सांगा, कुणालाच चीड येणार नाही असं वाक्य आपण बायका दिवसातून किती बोलतो? सासूबाईंच्या कढीत मीठ जास्त झालं म्हटलं, तरी घरात चार दिवस अबोला होतो!

या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली ती श्रेया सिंघल नावाची एकवीस वर्षांची तरुणी. पालघरची बातमी वाचून ती अस्वस्थ झाली आणि तिने याचिका केली. २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. शब्द इतके मोघम आहेत की कुणालाही पकडता येईल, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. पुढची गंमत बघा. कलम रद्द झाल्यावरही ठिकठिकाणचे पोलीस वर्षानुवर्षं त्याखाली गुन्हे नोंदवत राहिले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच याचा धक्का बसला आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवायचा नाही. कायदा पुस्तकातून गेला, तरी डोक्यातून जायला वेळ लागतो.

नेट बंद करण्याच्या बाबतीतही न्यायालयात गेली ती एक बाईच. अनुराधा भसीन, 'काश्मीर टाइम्स'च्या संपादक. नेट बंद झाल्यावर वर्तमानपत्र काढायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता. १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, इंटरनेटवरून बोलण्याचं आणि व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य घटनेने दिलेल्या स्वातंत्र्यातच येतं. नेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही. बंदीचा आदेश लोकांना बघता येईल असा प्रसिद्ध करावा लागेल आणि त्याचा वेळोवेळी फेरविचार व्हायला हवा. त्याच वर्षी नियमात दुरुस्ती झाली आणि एका आदेशाने पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ नेट बंद ठेवता येणार नाही असं ठरलं. असा आदेश द्यायचा अधिकारही कुणाला नसतो, तो केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा. अडीअडचणीला त्यांनी नेमून दिलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा. आणि त्यात कारण लिहावं लागतं.

मैत्रिणींनो, हे दोन्ही निकाल बायकांच्या नावाने ओळखले जातात, हे आपल्या मुलींना मुद्दाम सांगा. आपल्याकडे ही परंपरा जुनीच आहे. १९७५ च्या आणीबाणीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता, मोठेमोठे गप्प होते. तेव्हा कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून उघड बोलल्या त्या अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं, तरी शब्द मागे घेतला नाही.

बंदीचा तिसरा प्रकार तर दिसतसुद्धा नाही. एखादी वेबसाइट, एखादं खातं, एखादा व्हिडीओ गुपचूप अडवायचा. असे आदेश गुप्त ठेवायची तरतूद २००९ च्या नियमांतच आहे. त्यामुळे काय अडवलं, का अडवलं, हे आपल्याला बहुतेक वेळा कळतच नाही. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ चिनी ॲप बंद केली, ती निदान जाहीरपणे. सीमेवर जवान शहीद झाले होते, देशाच्या सुरक्षेचं कारण होतं, त्याबद्दल मला वाद घालायचा नाही. पण आमच्या वस्तीतली भाजी विकणारी एक तरुण बाई आठवते. फावल्या वेळात ती टिकटॉकवर नकला करायची. हजारो लोक बघायचे. घरात जिला कुणी विचारत नव्हतं, तिला बाहेर ओळख मिळाली होती. एका रात्रीत ते गेलं. तिने मला विचारलं, "ताई, माझे व्हिडीओ आता कुठं गेले असतीन?" मला उत्तर देता आलं नाही. मोठ्या निर्णयात अशी लहान माणसं कुणाच्या हिशेबात नसतात.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने आणखी एक नियम आणला. सरकारच्या कामकाजाबद्दल नेटवर आलेली माहिती खरी की खोटी, हे सरकारचाच एक कक्ष ठरवणार! आपल्या उत्तरपत्रिकेला आपणच गुण द्यायचे, तसं झालं हे. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतर काही जण त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. दोन न्यायमूर्तींचं मत वेगवेगळं पडलं, मग तिसऱ्या न्यायमूर्तींनी मत दिलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरला. आपण असा विचार करूया. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ती बातमी जगभर गेली म्हणून चौकशा झाल्या, कारवाया झाल्या. अशा वेळी "हे आम्हाला खोटं वाटतं" असं म्हणून बातमी काढून टाकायची सोय कुणाच्याही हातात असणं बरं का? सरकार कुठल्याही पक्षाचं असो. आज तुमच्या आवडीचं असेल, उद्या नावडतं येईल. बंदीची काठी मात्र तीच राहील.

आणि तोंड बंद केल्याने शब्द थांबत नाही, हे आपल्या यवतमाळने स्वतः पाहिलंय. जानेवारी २०१९ मध्ये इथे ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटनाला ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि विरोध होताच आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं. वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी एका बाईला "येऊ नका" सांगितलं गेलं. मान खाली जावी असाच प्रसंग. पण झालं काय? त्या जे भाषण करणार होत्या ते मराठीत येऊन वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून घरोघर पोचलं. त्या आल्या असत्या तर मंडपातल्या लोकांनी ऐकलं असतं, आल्या नाहीत म्हणून सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. उद्घाटन केलं ते आपल्या जिल्ह्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनीही व्यासपीठावरून झाल्या प्रकाराबद्दल स्पष्ट नाराजी सांगितली. मंडपात बोलायला बंदी होती, पण नेट उघडं होतं म्हणून शब्द पोचला. तेही बंद असतं तर?

आता थोडं आपल्या घरात डोकावूया. सरकार बंदी घालतं तेव्हा आपण नाक मुरडतो, पण घरातली बंदी आपल्याला खटकत नाही. मुलाने मोबाइलवर काही उद्योग केला तर त्याला रागावतात. मुलीच्या बाबतीत मात्र सरळ मोबाइलच काढून घेतात. "तुझ्या भल्यासाठीच" म्हणतात. नेमके हेच शब्द बंदीच्या प्रत्येक आदेशात असतात की नाही, बघा! मी समुपदेशनाच्या कामात बघते. छळ होणारी कितीतरी सुना-लेकी अशा, की सासरी आल्यावर पहिल्या महिन्यात त्यांचा मोबाइल गेला. मग माहेरचा नंबर गेला. मग बोलणंच गेलं. पालघरच्या घटनेनंतर कितीतरी आयांनी आपल्या मुलींना बजावलं, "बाई, काही लिहू नको हं." मीही माझ्या मुलीला बजावलंच होतं. पोलिसांनी दोन मुलींना पकडलं आणि गप्प आम्ही आमच्या मुलींना केलं. बंदीचा खरा परिणाम हा असतो. एकाला धरायचं आणि हजारांनी आपणहून तोंडाला कुलूप लावायचं.

मग आमच्या त्या आजीचं म्हणणं चूकच का? पोरांनी दिवसभर मोबाइलच बघायचा का? नाही, अजिबात नाही. याचं फार सुंदर उत्तर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने दिलंय. २०२२ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावातल्या बायकांची सभा झाली. कोरोनात मुलांना मोबाइलची लागलेली सवय सुटत नाही, ही सगळ्यांची रड. मग ठरलं की रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजणार आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, एकमेकांशी बोलायचं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या पुसद तालुक्यातल्या बान्शी गावाच्या ग्रामसभेनेही अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल नको असा ठराव केला. त्यात दंड ठेवला होता, तो मला स्वतःला तितकासा पटत नाही. पण ठराव सगळ्यांसमोर झाला, त्यावर बोलता आलं, नको म्हणता आलं, हे महत्त्वाचं.

बंदी आणि नेम यातला फरक तो हाच. वडगावच्या बायकांनी स्वतः बसून ठरवलं, का ते सगळ्यांना ठाऊक, किती वेळ तेही ठाऊक आणि साडेआठला दुसरा भोंगा होणार याची खात्री. उपवास आपण स्वतः धरतो तेव्हा तो नेम असतो. कुणी पुढ्यातलं ताट ओढून घेतलं आणि "आज तुझा उपवास" म्हणालं, तर त्याला उपवास म्हणत नाहीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये शेजारच्या नेपाळमध्ये काय झालं ते आपण टीव्हीवर पाहिलंच. सरकारने एका आदेशाने फेसबुक, यूट्यूबसह सव्वीस समाजमाध्यमं बंद केली. आधीच भ्रष्टाचाराला कंटाळलेली तरुण पोरं रस्त्यावर आली. ८ सप्टेंबरच्या एका दिवसात एकोणीस जणांचे जीव गेले. बंदी त्या रात्री मागे घेतली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांना जावं लागलं. कुकरची शिट्टी दाबून धरली तर वाफ जाणार कुठे?

आता प्रश्न उरतो की आपण काय करायचं. आमच्या बैठकीत जे ठरलं ते सांगते. पटलं तर तुमच्या गटातही बोला.

पहिली गोष्ट, कुठलाही निरोप पुढे पाठवायच्या आधी तिथल्या एका माणसाला फोन करायचा. माझ्या त्या फोटोचं खोटेपण एका फोनने उघड झालं होतं. ओळखीचं कुणी नसेल, तर पाठवायचंच नाही. आपण अफवा थांबवल्या, तर सरकारच्या हाती बंदीचं कारण उरणार नाही. दुसरी, घरात थोडी रोकड आणि दहा महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून ठेवायचे. पोरी परगावी असतील तर त्यांनाही सांगायचं. तिसरी, उद्या आपल्या गावात नेट बंद झालंच, तर "बंद झालं बाई" म्हणून गप्प बसायचं नाही. तहसीलमध्ये जाऊन चार प्रश्न विचारायचे. आदेश कुणी काढला? तो कुठे लावलाय? किती तारखेपर्यंत आहे? आणि भांडण एका भागात झालं तर सगळ्या शहराचं नेट का? हे विचारायला वकील लागत नाही. रेशनची चौकशी करतो तशीच ही चौकशी. आणि चौथी गोष्ट घरातली. मुलीचा मोबाइल काढून घेण्याआधी तिच्याशी बोलायचं. नियम करायचा तर तो मुलालाही लागू आणि आपल्यालाही.

बैठक संपली. सगळ्या चपला घालत होत्या. आजी मात्र दारात थांबली आणि म्हणाली, "पण ताई, ते सात वाजताचं भोंग्याचं बरं हाये व. आपल्या वॉर्डात करता येईन काय?"

मी म्हटलं, "करता येईल की. पण मग तुमची सातची मालिका?"

आजी विचारात पडली. म्हणाली, "थांब, मी आधी सुनेले विचारून पाहतो."

निर्णय घ्यायची सुरुवात अशीच व्हायला हवी ना? ज्यांच्यावर बंधन येणार, त्यांना आधी विचारायचं. साठी ओलांडलेल्या आजीला जे कळलं, ते मंत्रालयाला कळायला काय हरकत आहे? बघा, तुम्हाला पटतंय का.